पहिली कथा, दुसरं नाव, पहिलं पुस्तक: नारळीकरांच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथा लिहू लागलेल्या कुणाशीही बोलणं निघालं की पाचव्या मिनिटाला डॉ. जयंत नारळीकरांचं नाव येतं. ‘त्यांनी सुरुवात कशी केली? पहिली कथा कुठे छापून आली? पुस्तक लगेच निघालं का?’ असे प्रश्न कॉलेजातली मुलं विचारतात आणि निवृत्तीनंतर लेखणी हातात घेतलेली मंडळीही विचारतात. आपली पहिली कथा कुठे पाठवायची, हे त्यांना खरं तर त्यातून समजून घ्यायचं असतं. म्हणून दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा कोणती आणि ती केव्हाची?

‘कृष्णविवर’. साल १९७४. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. त्या स्पर्धेसाठी ही कथा लिहिली गेली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. नारळीकर तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. केंब्रिजहून परतून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्याला दोनच वर्षं झाली होती.

विषयाची निवडही पाहण्यासारखी आहे. हंस तारकासमूहातल्या एका क्ष-किरण स्रोतापाशी कृष्णविवर, म्हणजे प्रकाशही ज्यातून सुटू शकत नाही अशी वस्तू, असावं, असे भक्कम पुरावे १९७१-७२च्या सुमारास पुढे येऊ लागले होते. म्हणजे जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ज्या गोष्टीवर त्या वेळी वाद घालत होते, तीच मराठी वाचकाच्या हातात दोन-तीन वर्षांत कथेच्या रूपाने आली. आज हा शब्द शाळेतल्या मुलांच्याही तोंडी आहे. १९७४ साली गावातल्या वाचनालयात बसलेल्या वाचकाने तो बहुधा ऐकलेलाही नव्हता.

लिहावंसं त्यांना वाटलं कधी?

अहमदाबादला एका वैज्ञानिक परिसंवादाला ते गेले होते. चालू असलेलं भाषण रटाळ होतं. समोर परिसंवादासाठी मिळालेले कोरे कागद होते, डोक्यात परिषदेची स्पर्धा होती. त्यांनी तिथेच कथा लिहायला घेतली. ही हकिकत ते स्वतः सांगत असत.

पण बी त्याच्या बरंच आधी पडलेलं होतं. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल हे पहिल्या दर्जाचे खगोलशास्त्रज्ञ होते, आणि गंभीरपणे विज्ञानकथा लिहिणारे लेखकही होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ सालची. नारळीकर केंब्रिजला पोचले तेही त्याच सुमारास. ज्याच्या हाताखाली संशोधन करायचं तो माणूस सकाळी समीकरणं सोडवतो आणि कादंबऱ्याही लिहितो, हे जवळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला कथालेखन कमी प्रतीचं वाटेल कसं? आपल्याकडे त्या काळी अनेक प्राध्यापकांना ते तसं वाटत असे. हॉईल यांचा हा वारसा नारळीकरांच्या संशोधनाइतकाच मोलाचा आहे, असं माझं मत आहे.

स्पर्धेला त्यांनी खोट्या नावाने कथा पाठवली, हे खरं का?

खरं आहे. कथेवर नाव होतं ‘नारायण विनायक जगताप’. आद्याक्षरं घ्या: ना. वि. ज. आता उलटी वाचा: ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर.

कारण सरळ होतं. १९७४ साली नारळीकर हे नाव घराघरांत पोचलेलं होतं. गुरुत्वाकर्षणाबद्दलचा हॉईल-नारळीकर सिद्धान्त १९६४चा. १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. वर्तमानपत्रांत फोटो, व्याख्यानांना गर्दी असा तो काळ. अशा माणसाची कथा परीक्षकांपुढे आली असती तर त्यांनी कथा वाचली असती की नाव? बक्षीस मिळालं असतं तर ते कथेला की पद्मभूषणाला, हे कधीच कळलं नसतं. न मिळालं असतं तर परीक्षकांची पंचाईत वेगळीच. त्यांना कथेची परीक्षा हवी होती, म्हणून त्यांनी नाव बाजूला काढून ठेवलं.

लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला मात्र त्यांच्या साऱ्या लेखनप्रवासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. ज्याचं नाव चालतं त्याने नावाशिवाय उभं राहायचं ठरवणं सोपं नाही. नवोदिताकडे नावच नसतं. म्हणजे नारळीकरांनी जी जागा मुद्दाम निवडली, त्या जागी नवोदित आपोआप उभा असतो. ‘आम्हाला कोण ओळखतंय?’ म्हणून जे हळहळतात, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अक्षरावरून कुणी ओळखलं नाही?

तीही काळजी घेतली होती. हस्तलिखिताचे दिवस होते आणि परिषदेच्या मंडळींना नारळीकरांचं अक्षर ओळखीचं असण्याची शक्यता होती. म्हणून पाठवायची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हस्ताक्षरात लिहून काढली.

डॉ. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ. पुढे मुलांसाठी सोप्या भाषेत गणित लिहिणाऱ्या लेखिका म्हणूनही महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. ‘कृष्णविवर’ची पहिली वाचक कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर घरातच सापडतं. हाताने प्रत उतरवणारा माणूस प्रत्येक वाक्यावरून जातो. कुठे अडखळायला होतं हे त्याला सगळ्यांत आधी कळतं. आज संगणकावर एका बोटाने प्रत निघते, पण असा वाचक त्याने मिळत नाही. कथा पाठवण्याआधी घरातल्या कुणाला तरी ती मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याचं लक्ष उडालं की तिथे खूण करा.

बक्षिसानंतर काय झालं?

संपादकांनी मागणी केली. मुकुंदराव किर्लोस्कर त्या वेळी ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक होते. त्यांनी नारळीकरांना आणखी कथा लिहायला सांगितलं आणि त्या मासिकात छापल्या.

या टप्प्याचं मोल आज पटकन ध्यानात येत नाही. परिषदेची पत्रिका विज्ञानाची आवड असलेल्यांकडे जायची. ‘किर्लोस्कर’ मध्यमवर्गीय मराठी घरात जायचं. आजोबा, सून, शाळकरी नातू असे सगळे एकच अंक वाचत. तिथे छापून येणं म्हणजे कृष्णविवर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या वाचकाला शेवटच्या ओळीपर्यंत नेण्याची जबाबदारी अंगावर घेणं. नारळीकरांच्या भाषेला जो सोपेपणा आला, त्यात या मासिकांच्या वाचकांचा मोठा वाटा असावा. त्यांची पात्रं बाबा आदमच्या काळातलं मराठी बोलत नाहीत आणि प्रयोगशाळेतलंही बोलत नाहीत.

साहित्यिक मंडळींनी दखल घेतली का? विज्ञानकथेला आजही कुणी ‘साहित्य’ मानत नाही…

घेतली, आणि फार लवकर घेतली. १९७५ साली कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. आणीबाणीच्या दिवसांतलं ते संमेलन दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यासाठी घेतलेल्या ठाम भूमिकेमुळे सर्वांच्या लक्षात राहिलं आहे. त्याच अध्यक्षीय भाषणात त्यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेचाही उल्लेख केला होता. मराठीत नवं काही उगवतंय, असं त्यांना दिसलं होतं.

लोककथा आणि लोकसंस्कृतीच्या एवढ्या मोठ्या अभ्यासक बाईंना कृष्णविवराची गोष्ट जवळची वाटावी, यात मला नवल वाटत नाही. जग कसं चाललंय याचा शोध गोष्टीतून घेण्याची माणसाची सवय त्यांनी जन्मभर अभ्यासली होती. पहिली कथा येऊन दोन वर्षंही झालेली नसताना संमेलनाच्या व्यासपीठावरून मिळालेली ही दाद पुरस्काराच्या तोडीची होती.

मान्यतेची तक्रार मात्र पूर्णपणे चुकीची म्हणता येणार नाही. समीक्षेच्या पुस्तकांत विज्ञानकथेला अजूनही शेवटचं प्रकरण मिळतं, तेही जागा उरली तर. हे बदलायला हवं आणि चांगल्या कथांनीच ते बदलेल.

पहिलं पुस्तक केव्हा आलं? एवढा वेळ का लागला?

‘यक्षांची देणगी’, १९७९, मौज प्रकाशन गृह. पहिल्या कथेनंतर पाच वर्षांनी. या संग्रहाला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला.

पाच वर्षं हा ‘एवढा वेळ’ वाटत असेल तर थोडं थांबून विचार करा. नारळीकरांकडे नाव होतं, प्रकाशक दारात आले असते. तरी कथा आधी मासिकांतून आल्या, वाचकांनी वाचल्या, आणि संग्रह पुरेसा भरल्यावर पुस्तक निघालं. त्या काळी कथालेखकाचा हा रुळलेला क्रमच होता: नियतकालिक, दिवाळी अंक, मग संग्रह. प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या कुणाचा तरी डोळा कथेवरून फिरायचा.

आणि प्रकाशकाचं नाव विसरू नका. गिरगावातल्या खटाववाडीतलं ‘मौज’ म्हणजे मराठी नवकथा आणि नवकाव्याचं घर. श्री. पु. भागवतांसारखा संपादक, काटेकोर मुद्रितशोधन, एकेका वाक्यावर लेखकाशी चर्चा. विज्ञानकथेचं पुस्तक तिथून निघालं याचा अर्थ ते विज्ञानप्रसाराच्या फळीवर न जाता कथासंग्रहांच्या फळीवर गेलं. नव्या लेखकाने प्रकाशक निवडताना हा प्रश्न स्वतःला विचारावा: दुकानात माझं पुस्तक कोणत्या पुस्तकांच्या शेजारी ठेवलं जाणार आहे?

या सुरुवातीच्या कथांत असं होतं तरी काय?

एक उदाहरण नीट बघू. ‘उजव्या सोंडेचा गणपती’.

एक कागदाची लांब पट्टी घ्या. दोन्ही टोकं जोडून कडं करायचं, पण जोडण्याआधी एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा. झाली मोबियसची पट्टी. हिला बाजू एकच. आता पट्टी पारदर्शक आहे असं समजा आणि तिच्यावर डाव्या हाताच्या पंजाचं चित्र आहे. ते चित्र पट्टीवरून सरकवत सरकवत पूर्ण एक फेरी मारून मूळ जागी आणलं तर पंजा उजव्या हाताचा झालेला असतो. कुणी तो उचलून उलटा केला नाही, तरी झाला. हे प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर घरी करून बघता येतं, जरूर बघा.

आता हाच पीळ आपण राहतो त्या अवकाशाला बसला तर? त्यातून फेरी मारून आलेला माणूस आरशातल्यासारखा होऊन येईल. उजवा हात डावा, डावा उजवा. नारळीकरांनी ही कल्पना घेतली आणि कुठे नेली? क्रिकेटच्या मैदानावर आणि गणपतीच्या मूर्तीपाशी. उजव्या हाताने चेंडू टाकणारा गोलंदाज डावखुरा होऊन येतो, आणि डाव्या सोंडेच्या गणपतीची सोंड उजवीकडे वळते. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं फार, हे मराठी घरात लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. भूमितीतली एक अवघड कल्पना सांगायला याहून मराठमोळी वस्तू सापडली नसती.

दुसरं उदाहरण थोडक्यात. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात जिथे १७६१ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. विश्वासरावांना गोळी लागली की नुसती चाटून गेली, एवढ्याच फरकाने दोन इतिहास वेगळे होतात. याच कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे देशभरातल्या मुलांनी ती वाचली आहे. पानिपत हा मराठी मनाचा हळवा कोपरा. तिथे पुंजभौतिकीतली, म्हणजे अणूच्या आतल्या सूक्ष्म जगाच्या विज्ञानातली, अनिश्चितता आणून ठेवायला धाडस लागतं.

या दोन्ही कथांत विज्ञान काढून घेतलं तर कथा उरत नाही, आणि मराठी घर काढून घेतलं तरीही उरत नाही. नव्या लेखकाने शिकायचं ते एवढंच, पण ते फार अवघड आहे.

म्हणजे नारळीकर मराठीतले पहिले विज्ञानकथाकार का?

नाही. ज्यूल व्हर्नची भाषांतरं मराठी मासिकांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून येत होती. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा त्याच शतकाच्या दुसऱ्या दशकातली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. द. पां. खांबेटे, नारायण धारप यांनीही नारळीकरांच्या आधीपासून या प्रकारात लिहिलं होतं. त्यांना वगळून इतिहास सांगणं अन्यायाचं आहे. नारळीकरांमुळे घडलं ते वेगळं: संशोधन करणारा माणूस स्वतः कथा लिहायला बसला आणि त्यामुळे या लेखनप्रकाराला एक पत मिळाली. त्यांच्या आगेमागे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे असे एकाहून एक लेखक लिहिते झाले. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतली ती फळी जोरदार होती.

मी शास्त्रज्ञ नाही. मी विज्ञानकथा लिहावी का?

लिहावी. अरुण साधू पत्रकार होते, त्यांनी ‘विप्लवा’ लिहिली. पदवीची अट नाही, तपासून घेण्याची अट आहे.

स्पर्धेच्या आणि दिवाळी अंकांच्या कथा वाचताना काही चुका पुन्हा पुन्हा भेटतात. ‘प्रकाशवर्ष’ हे अंतराचं माप आहे, काळाचं नाही. ‘अनेक प्रकाशवर्षांपूर्वी’ असं वाक्य आलं की परीक्षक तिथेच थबकतो. दुसरी चूक संवादाची. नायिका मंगळावर आहे, नायक पुण्यात आहे, आणि दोघं फोनवर भांडताहेत. मंगळ कुठे आहे त्यानुसार पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथे पोचायला साधारण तीन ते बावीस मिनिटं लागतात, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. असं भांडण होऊच शकत नाही. पण थोडा विचार करा, या अडचणीतच केवढी कथा आहे! ‘मी चुकलो’ असं म्हटल्यावर ते तिला पोचेपर्यंत वीस मिनिटं, आणि तिचा राग त्याआधीच निघालेला, वाटेत असलेला. विज्ञानाचा नियम पाळला तर कथेला नवं काही मिळतं, मोडला तर बहुतेक वेळा तीच ती जुनी कथा हातात राहते.

नारळीकरांनी इंग्रजीत का लिहिलं नाही? जगभर वाचक मिळाला असता.

इंग्रजीतही लिहिलं, पण कथा सुरू झाली मराठीत. त्यांचं शालेय शिक्षण बनारसला हिंदी माध्यमात झालं, पुढचं केंब्रिजला इंग्रजीत. मराठी होती घरात. वडील गणितज्ञ विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक होते, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. शाळेत न शिकलेल्या भाषेत हा माणूस छत्तिसाव्या वर्षी कथा लिहितो, स्पर्धेला पाठवतो आणि पहिला येतो. इंग्रजी माध्यमात शिकलेली आजची मुलं ‘आमचं मराठी कच्चं आहे’ म्हणून मागे सरतात, त्यांना मी हे उदाहरण हटकून देतो. घरात बोललं जाणारं मराठी कथेसाठी पुरतं. शुद्धलेखन मुद्रितशोधक दुरुस्त करू शकतो, कान मात्र लेखकाचाच लागतो.

आज मी पहिली कथा कुठे पाठवू?

पहिला पर्याय स्पर्धा. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली, तिचं मुख्यालय मुंबईत शीव-चुनाभट्टीला विज्ञान भवनात आहे. यंदाच्या स्पर्धेची शब्दमर्यादा, शेवटची तारीख आणि अटी थेट परिषदेकडूनच घ्याव्यात. जुन्या फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर विसंबू नये.

दुसरा पर्याय दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा मोठा हंगाम हाच. लेखक पुष्कळदा नवरात्रात जागे होतात. तोवर अंक छपाईला गेलेला असतो. उन्हाळ्यात चौकशी करा, जुलैपर्यंत कथा संपादकांच्या हातात पडेल असं बघा.

पाठवण्याआधी तो अंक वाचा. दोन-तीन वर्षांचे मागचे अंक कुठल्याही चांगल्या सार्वजनिक वाचनालयात मिळतात. भयकथा छापणाऱ्या अंकाला गणितावरची कथा पाठवून नकार आला, तर त्यात कथेचा दोष नसतो.

कथा फेसबुकवर टाकली आहे. तीच स्पर्धेला चालेल?

बहुतेक स्पर्धा ‘अप्रकाशित’ कथा मागतात, आणि समाजमाध्यमावर सर्वांना दिसेल अशी टाकलेली कथा प्रकाशित धरली जाण्याची शक्यता असते. आयोजकांना आधी विचारा. एकच कथा एकाच वेळी चार संपादकांना पाठवणंही टाळा. दोघांनी स्वीकारली तर एकाला तोंड दाखवायला जागा उरत नाही, आणि मराठीतलं संपादकांचं जग लहान आहे.

हस्तलिखित कसं असावं?

युनिकोड देवनागरीत टाइप केलेली साधी फाइल. अक्षराचा आकार वाचता येईल एवढा, परिच्छेद सुटे, पानांवर क्रमांक. अनेक छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँट-प्रणालीवर अंक लागतो. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. म्हणून सोबत पीडीएफ जोडावी, म्हणजे मूळ कसं होतं ते मुद्रितशोधकाला कळतं. समीकरण, घातांक, ग्रीक अक्षर असेल तर विशेष लक्ष द्या. दहाचा सहावा घात छापताना १०६ होतो आणि दहा लाखांचे एकशे सहा होतात! मुद्रितं तपासायला मागा. स्पर्धेसाठी असेल तर नाव-पत्ता वेगळ्या पानावर, कथेच्या पानांवर कुठेही नाही.

आज टोपणनावाने पाठवली तर अडचण येते का?

नियमांत मनाई नसेल तर येऊ नये. खरं नाव आयोजकांना बंद पाकिटात किंवा वेगळ्या फाइलमध्ये द्यावं, कारण बक्षिसाची रक्कम बँक खात्यावरच्या नावानेच जमा होते.

हक्कांचं काय? कुणी कथा चोरली तर?

कथा लिहिली त्या क्षणी तिचा स्वामित्वहक्क लेखकाचा असतो. भारताच्या १९५७च्या कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं तो हक्क टिकतो.

चोरीपेक्षा जास्त सांभाळायचं ते करारात. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी थांबा. भाषांतर, ऑडिओ, ई-पुस्तक, चित्रपट हे हक्क वेगवेगळे असतात आणि विज्ञानकथेला त्यांची मागणी येऊ शकते.

पहिला संग्रह स्वतःच काढला तर?

काढता येतो. आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो, तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून, लेखक-प्रकाशकालाही. मागणीप्रमाणे छपाईमुळे घरात गठ्ठे रचून ठेवण्याची गरज उरलेली नाही.

पण संपादक कुठून आणणार? पैसे वाचवायचेच असतील तर मुखपृष्ठावर वाचवा, संपादनावर नाही. जो प्रकाशक पैसे मागतो आणि एका शब्दाचीही दुरुस्ती सुचवत नाही, तो छपाई करून देतोय, प्रकाशन नाही. हे मी पूर्ण विचार करून सांगतो आहे, कारण चांगल्या कल्पनेची कच्ची पुस्तकं दर वर्षी हातात येतात आणि जीव तुटतो. एका संपादकाने दोन बैठका घेतल्या असत्या तर ती उभी राहिली असती.

कथा परत आली. आता?

दुसरीकडे पाठवा. त्याआधी एकदा कोऱ्या डोळ्यांनी वाचा. संपादकाने कारण कळवलं असेल तर ते भाग्य समजा, कारण बहुतेक ठिकाणी उत्तर देण्याइतकी माणसंच नसतात. आठ-दहा आठवड्यांनी एक सभ्य चौकशी करायला हरकत नाही. आणि पहिलीच्या उत्तराची वाट बघत दुसरी थांबवून ठेवू नका.

या सुरुवातीचं पुढे काय झालं?

नारळीकरांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आणि ‘व्हायरस’ या सर्वांत जास्त वाचल्या गेल्या. १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करण्याचं काम अंगावर आलं, तरी मराठी लेखन सुटलं नाही. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ साली नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष जाता आलं नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

वाचायला सुरुवात कुठून करू?

‘यक्षांची देणगी’पासून. वाचनालयातून आणली तरी चालेल, पण शक्य असेल तर विकत घ्या, कारण समासात खुणा कराव्या लागतील. प्रत्येक कथेत विज्ञानाची कल्पना पहिल्यांदा कोणत्या पानावर येते आणि त्याआधी लेखकाने तुम्हाला कुणाच्या घरात बसवलं आहे, हे पेन्सिलने लिहा. मग आत्मचरित्र वाचा. आणि फोंडके, लोंढे, जावडेकर यांचा किमान एकेक संग्रह. एकाच लेखकावर वाढलेला नवा लेखक त्याचीच नक्कल करतो, आणि नारळीकरांची नक्कल ओळखू येते.